टिचकीआधीचा रकाना

मी काय बनवते, हे मला धड सांगता येत नाही. नातेवाइकांनी विचारलं की मी "सेन्सर" म्हणते आणि चहाचं विचारते. पन्नाशीला टेकल्यावर आपलं काम आपल्यालाच कळू नये याची लाज वाटते. पण आमच्या साहेबांना तीनदा विचारलं तर चौथ्यांदा तेही फळ्याकडेच वळतात.

आधी मी भोसरीच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायचे. गोल तबकडी, वर काच, आत काटा. दाब वाढला की काटा पुढे. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. बाबाही तिथेच होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी मला त्यांच्याच टेबलावर तयार केलं. काटा कधी कधी आतल्या आत किंचित अडतो, म्हणून वाचताना काचेवर नखाने हलकी टिचकी मारायची, हे त्यांनीच शिकवलं. "काट्याला जागं करायचं, मग विचारायचं," असं ते म्हणत. अठरा वर्षं मी काट्यांना जागं केलं. मग कारखाना बंद पडला आणि मी चार महिने घरात मेथी निवडत बसले. त्या चार महिन्यांची मला अजून भीती वाटते.

नवी कंपनी वारज्यातच, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी लागले तेव्हा तीन टेबलं होती, आता अख्खा मजला आहे आणि खालचाही घेणार म्हणतात. पंपाला, मोटारीला, लिफ्टला, सगळ्यांनाच आता हे सेन्सर हवे आहेत; यंत्र वेडंवाकडं थरथरायला लागलं की ते आधीच सांगतात. चिपचं डिझाइन आमच्याकडची मुलं करतात, परदेशातली एक फाउंड्री त्याप्रमाणे चिप बनवून देते, आणि आम्ही ती डबीत बसवून तपासतो. फाउंड्री म्हटल्यावर पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे भोसरीची ओतकामाची भट्टी आली, वाळू आणि धूर. तर म्हणे, ह्या फाउंड्रीत धुळीचा कणसुद्धा चालत नाही. मग नाव तेच का, असं मी विचारलं.

चिप मसुरीच्या दाण्याएवढी. तिच्या पोटात म्हणे एक पट्टी बारीक स्प्रिंगांवर टांगलेली असते. मला ती कधी दिसली नाही, दिसणारही नाही. माझं काम सोपं. डबी साच्यात ठेवायची, पडद्यावरचा आकडा शून्याजवळ स्थिरावला की बटण दाबायचं. नाही आला शून्याजवळ, तर डबी लाल ट्रेमध्ये.

माझा लाल ट्रे मजल्यावर सगळ्यांत रिकामा असायचा. शेजारच्या टेबलांवर बाद डब्यांचे ढीग आणि माझ्याकडे मोजून दोन-चार. साहेबांनी नव्या मुलींना माझ्या शेजारी आणून बसवलं. "यांचा हात बघा," म्हणाले. मी हात बघू दिला. त्या दिवसांत मी घरीही जरा जास्तच बोलत असे.

मग गिऱ्हाइकांकडून डब्या परत यायला लागल्या. पंपावर बसवल्यावर आठवडाभर चालायच्या, नंतर मुक्या. परत आलेल्या जवळजवळ सगळ्या माझ्या टेबलावर पास झालेल्या होत्या.

तपासाचं काम कंपनीतल्या अकोल्याच्या एका इंजिनीअर मुलीकडे आलं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिने माझ्या टेबलाच्या नोंदींचे आलेख काढले. प्रत्येकात, मी बटण दाबण्याच्या क्षणभर आधी, रेघेला एक बारीक टोक आलेलं. दुसऱ्या कुणाच्याही टेबलाला ते नव्हतं.

"ताई, हे काहून येते? प्रत्येक फाइलमध्ये सेम टू सेम," ती म्हणाली.

आम्ही दोघी शोधायला लागलो. लिफ्ट बंद ठेवली. एसी बंद ठेवून घामाघूम झालो. टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. बाहेर हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांवर संशय घेऊन झाला. दर वेळी मी डबी ठेवायची, वाट बघायची, बटण दाबायची, आणि टोक असायचंच. ती पडद्याकडे बघत होती. मीही पडद्याकडेच बघत होते.

शुक्रवारी तिने हात टेकले. "फाउंड्रीचाच लोचा आहे, ताई. आतली पट्टी खाली चिकटत असणार. प्लास्टिकवर वाळत घातलेला पापड चिकटतो ना, तशी. मग कशाने तरी सुटते, नंतर परत चिकटते. सोमवारी कडक मेल टाकते त्यांना. पुढचा लॉट होल्ड."

लॉट थांबला की टेबलं रिकामी होणार, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. रिकाम्या टेबलांवरची माणसं कुठे जातात, तेही मला ठाऊक होतं.

रविवारी सकाळी बाबांबरोबर खाली गेले. सोसायटीच्या पाण्याच्या पंपावर एक जुनं गेज आहे. ते बघायचं काम बाबांना कुणीही दिलेलं नाही. गुडघा धरून ऐंशीच्या घरातला हा माणूस रोज जिना उतरतो आणि वॉचमनला म्हणतो, "आपल्याला वेळ नसेल बघायला, म्हणून आलो." बाबा काचेपुढे वाकले आणि त्यांनी नखाने टिचकी मारली. त्याच क्षणी माझं बोट माझ्या हातातल्या किल्ल्यांवर वाजलं. मी मारलं नव्हतं, ते आपोआप वाजलं.

डबीच्या साच्यावरही ते रोज असंच वाजत असणार.

"बाबा, अडकलेला काटा टिचकीने सुटला, तर गेज पास की नापास?"

"अठरा वर्षं काय केलंस मग तिथे?" ते म्हणाले. "टिचकीआधी एकदा वाचायचं, टिचकीनंतर एकदा. फरक जास्त आला तर नापास. म्हणून तर फॉर्मवर दोन रकाने होते. टिचकी काय गेज पास करायला असते?"

दोन रकाने मी विसरले नव्हते, तेच तर वाईट. रोज इतकी गेज उरकायची असत की मी टिचकी मारून एकदाच वाचायचे, आणि पहिला रकाना दुसऱ्यावरून भरायचे, आकडा जरासा इकडेतिकडे करून. कुणी कधी विचारलं नाही. पुढे पुढे ते पहिलं वाचन हातातून गेलंच आणि नुसती टिचकी उरली.

रविवारभर माझं डोकं गरगरत होतं. टिचकी थांबवली असती तर टोकही थांबलं असतं आणि खापर फाउंड्रीवर फुटलं असतं. शिवाय पट्ट्या चिकटत होत्या हे तर खरंच, ती चूक त्यांचीच. मग माझी चूक नेमकी कोणती? चिकटलेली पट्टी मी सोडवत होते, म्हणजे चांगलंच करत होते ना? रात्री जेवताना मला वाटलं, सांगू नये. सकाळी चालताना वाटलं, सांगावं. कंपनीच्या दारात पुन्हा वाटलं, सांगू नये.

तिच्या पडद्यावर मेल उघडा होता.

"पाठवू नकोस," मी म्हणाले. "ते टोक माझं आहे." आणि साच्यावर टिचकी मारून दाखवली.

ती माझ्या नखाकडे बघत राहिली. "म्हणजे पट्टी चिकटते ही त्यांची चूक, आणि ती आपल्याला दिसू दिली नाही तुम्ही."

"हो."

"आणि तुम्हाला माहीतच नव्हतं."

"हो."

"मग ताई, मी आता मेल कुणाला टाकू?"

मला टेबलावरून उठवून पॅकिंगला बसवलं. तिथे मी रोज कामावरून काढल्याच्या पत्राची वाट बघत खोकी चिकटवली. पत्र आलं नाही. दोन आठवड्यांनी परत बोलावलं, तर माझ्या साच्याला एक इवलासा यांत्रिक हातोडा लावला होता. आधी वाचन, मग हातोड्याची टिचकी, मग पुन्हा वाचन. फरक आला की लाल ट्रे. फाउंड्रीला मेल गेला तो या दोन वाचनांसकट, आणि त्यांनी दोष मान्य केला. चिकटणाऱ्या डब्या आता इथेच बाजूला पडत होत्या, म्हणून लॉट थांबला नाही. माझा लाल ट्रे आता चारचौघींसारखा भरतो. ही शाबासकी की शिक्षा, हे मला अजून कळलेलं नाही आणि विचारायचा धीरही होत नाही.

टेबलावर परत बसले त्या संध्याकाळी चहा पिताना बाबांना सगळं सांगितलं. एकच गोष्ट गिळली होती, तीही शेवटी सांगून टाकली.

"कारखान्यात पहिला रकाना मी कधी वाचून भरलाच नाही, बाबा."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. बाबांनी बशी खाली ठेवली.

"तू लागलीस तेव्हा माझे जुने फॉर्म बघितले होतेस ना?"

"बघितले की. किती सुंदर अक्षर होतं तुमचं."

"अक्षरच बघितलंस," ते म्हणाले. "आकडे बघायचे होतेस. मीही तसाच भरायचो."

ती गेज कुठल्या कुठल्या बॉयलरवर जाऊन बसली असतील, हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खाली पंपापाशी उभे राहिलो. बाबांनी हात पाठीमागे बांधले होते.

"आधी वाच," ते म्हणाले.