बडी माँचा हसरा फोटो

आमच्या सीरियलच्या युनिटचे किस्से म्हणजे उज्जैनच्या घरांतल्या भैरवगढच्या छापील चादरी. इतक्या कधी जमल्या कोणाला आठवत नाही, पण कपाट उघडलं की धबाधब अंगावर! मी तर कपाटाच्या आवाजालाही दचकते, त्यामुळे माझ्या अंगावर जरा जास्तच पडले.

घरोघरी केबल आली आणि चॅनलवाल्यांना रोज काहीतरी दाखवायला हवं झालं. मुंबईचे बंगले परवडेनात म्हणून एका प्रोड्यूसरने उज्जैनच्या फ्रीगंजमधला बंगला भाड्याने घेतला आणि तिथे एका मोठ्या खानदानाची सीरियल सुरू झाली. मी एम.ए. करून घरी बसले होते. बाबांच्या ओळखीने मला चिकटवण्यात आलं. काम कंटिन्युइटीचं. म्हणजे प्रत्येक सीननंतर कलाकाराचा फोटो काढून ठेवायचा. पुढच्या सीनला साडी, टिकली, बांगड्या जशाच्या तशा हव्यात ना!

खानदानाच्या प्रमुख होत्या बडी माँ, म्हणजे आमच्या कुमुदताई. एके काळी सिनेमात हिरोइनची मैत्रीण, मग वहिनी, मग आई. "टीव्हीनंतर काही नाही गं मेधा," त्या म्हणायच्या. "यापुढे फक्त उद्घाटनं. तीही शिवणक्लासची!"

पहिल्याच दिवशी मी त्यांच्यासमोर कॅमेरा धरला. फ्लॅश उडाला आणि मीच दचकले. फोटो धुऊन आला तर काय, कुमुदताईंची ही एवढी जीभ बाहेर!

मी घाबरून मेकअपच्या वसंतदादांना विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं पोरी. आपल्याकडे मरणाचा सीन करत नाहीत, खर्च फार येतो. कलाकार नकोसा झाला की त्याला एकदा खोकायला लावतात. पुढच्या आठवड्यात दिवाणखान्याच्या भिंतीवर त्याचा हसरा फोटो, वर चंदनाचा हार. खलास! आणि तो हसरा फोटो येतो कुठून?"

"कुठून?"

दादांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं.

०००

त्यानंतर मलाही सगळ्यांवर शक येऊ लागला. सगळ्यात जास्त प्रॉडक्शन मॅनेजर शुक्लाजींवर. त्यांच्या तोंडात सदा पान, त्यामुळे हो म्हणाले की नाही, हेच कळायचं नाही.

हेच शुक्लाजी एकदा देवास गेटच्या फ्रेमवाल्याच्या दुकानातून बाहेर पडताना कुमुदताईंना दिसले. ताईंनी रिक्षा थांबवली, काळा चष्मा चढवला आणि मला घेऊन दुकानात शिरल्या.

"क्यों भैया, सीरियलवालों ने कोई फ्रेम बनवाई है क्या?"

दुकानदाराने हातातली काच खाली ठेवली. "अरे! बडी माँ! आप खुद!" त्याने लांबूनच पायांना हात लावल्यासारखं केलं. "आपकी तो हम स्पेशल बनाएँगे दीदी! सागवान की! बस, आप साइज बोल दो!"

परत येताना रिक्षातही ताईंनी काळा चष्मा काढला नाही. बंगल्याच्या फाटकाशी उतरताना म्हणाल्या, "सागवान म्हणाला. म्हणजे लवकरच आहे."

०००

मग तो खोकला आला.

आमचे सीन मुंबईहून फॅक्सने यायचे. कागद अजून गरम असायचा आणि कलाकार त्यात आधी आपलं नाव शोधायचे, मग खोकला. एका सकाळी बडी माँच्या नावापुढे लिहिलेलं होतं, 'हल्की-सी खाँसी.'

कुमुदताईंनी कागद वाचला, घडी घातली, पदराखाली ठेवला. मला वाटलं आता रडतील. पण त्या मजेत चहा पीत बसल्या. त्याचाच मला जास्त शक आला.

सीन सुरू झाला. डायनिंग टेबल, सगळं खानदान हजर. बडी माँने खोकायचं होतं, त्या क्षणी कुमुदताई गर्रकन वळल्या आणि शेजारी बसलेल्या धाकट्या दिराच्या पाठीत धपाटा घातला. दिराचं काम करणारा विकी बिचारा तेव्हा खरोखरची कचोरी खात होता. तो जो खोकायला लागला!

"कब से खाँस रहे हो देवरजी," बडी माँ डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "किसी डॉक्टर को दिखाया?"

डायरेक्टर म्हणाला, "वाह! क्या इमोशन है!" सीन तसाच गेला.

पुढच्या आठवड्यात विकी भिंतीवर!

फोटो मीच काढलेला होता. छान हसला होता तो त्यात.

०००

आमच्या गल्लीत माझा भाव वधारला होता. समोरच्या शर्मा आंटी रोज एकच विचारायच्या, "मेधा, बडी माँ मरेगी तो नहीं ना? मेरी सास का तो बीपी बढ़ जाएगा!" मी गप्प बसले की आई म्हणायची, "बघा, लपवून राहिली आहे!"

आईने एकदा कुमुदताईंना जेवायला बोलावलं. पुरण, कटाची आमटी, सगळं. ताई पोटभर जेवल्या, आईला सीरियलमधल्या सुनेच्या चुगल्या सांगितल्या, आजीच्या शेजारी मांडी घालून बसल्या. तेवढ्यात बाबांनी हौसेने शेल्फवरचा कॅमेरा काढला. "ताई, एक आठवण म्हणून!"

मला खूण करायलाही वेळ मिळाला नाही.

तो फोटो अजून आमच्या अल्बममध्ये आहे. आजी, आई, काका, आत्या, सगळे हसताहेत. मध्ये भरजरी साडी, आणि तोंडाच्या जागी एक मोठा तळलेला पापड.

"काही का असेना," आई म्हणते, "पापड छान आलाय."

०००

आणि मग एक दिवस शुक्लाजींनी मला बाजूला बोलावलं. त्या दिवशी तोंडात पान नव्हतं.

"बिटिया, चॅनलवालों को अब जवान घर चाहिए. चाभियाँ नई बहू के पास जाएँगी. बडी माँ का एक फोटो दो. सामने से, हँसता हुआ. मैडम को पता न चले."

मी कोणालाही सांगितलं नाही. वसंतदादांना नाही, आईलासुद्धा नाही. कुमुदताईंशी तर मी बोलणंच टाळलं.

त्या आठवड्यात प्रोड्यूसर आपल्या आईला महाकालच्या दर्शनाला घेऊन आले होते. माताजी सीरियलच्या पक्क्या भक्त. सकाळी रामघाटावर आमचं शूटिंग, तिथेही त्या खुर्ची टाकून बसल्या. "उस बहू को कभी चाभी मत देना!" असं त्या कुमुदताईंना बजावत होत्या. मी कॅमेरा दुपट्ट्याखाली लपवून एका पंड्याच्या भल्यामोठ्या छत्रीमागे उभी. दुपट्टा असा गच्च आवळला होता की छत्रीवाल्या पंड्यांनी विचारलं, "बेटी, ठंड लग रही है?"

"मेधा!" कुमुदताईंची हाक आली. मी उडालेच. "लपतेस काय? काढ की आमचा फोटो!"

ताई माताजींच्या खुर्चीच्या हातावर बसल्या, त्यांच्या गळ्यात हात टाकला, गालाला गाल घट्ट चिकटवला आणि हसल्या. असं हसणं मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. जुन्या पोस्टरवरचं.

"अजून एक काढ. सेफ्टीला!" परत गालाला गाल.

मग पॅकअप होईपर्यंत तोंडावर पदर.

फोटो धुऊन आले. शुक्लाजी कात्री घेऊन बसले. इकडून धरून बघितलं, तिकडून धरून बघितलं. शेवटी प्रोड्यूसरना फोन लावला. "सर, इधर से काटूँ तो माताजी का कान आता है. उधर से काटूँ तो मैडम का आधा मुँह जाता है. नहीं सर, दूसरा नहीं है... सर, वो हार... थोड़ा माताजी के गाल पर भी आएगा."

रिसीव्हरमधून असा आवाज आला की दारातल्या माझ्या हातातून कप पडला.

पुढचा फॅक्स आला. बडी माँ ठणठणीत. नव्या सुनेला हल्की-सी खाँसी.

त्या दुपारी कुमुदताई व्हरांड्यात एकट्याच केस वाळवत बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "ताई, तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?" त्यांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "सगळ्यांचे काढतेस, तुझा एकटीचा एकसुद्धा नाही. उभी राहा बघू तिथे. हां. समोर बघ. आता हस बरं!"

मी जीभ बाहेर काढली.