चित्राखालचं नाव

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगणं जमेल. घरात हे कुणाला ठाऊक नाही — नवऱ्याला नाही, मुलीला नाही. शाळेतल्या सोबतिणींना तर नाहीच. त्यांच्यात मी 'चित्रंवाल्या बाई' आहे, आणि ती ओळखच मुळात —

थांबा. आधी शाळा सांगते.

माझं माहेर तिरोड्याचं. नेमणूक मिळाली देवरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात. दोन हजार साल नुकतंच लागलं होतं. सातवीपर्यंतची शाळा, चार खोल्या, पुढे लांब व्हरांडा. चित्रकलेला वेगळे शिक्षक नव्हते. रंगपेट्या नव्हत्या, कोरे कागदसुद्धा जपून वापरायचे. मग दर शनिवारी शेवटचे दोन तास मी मुलांना घेऊन व्हरांड्यात बसायला लागले. जे मिळेल ते घ्यायचं. भेंडी आडवी कापून तिचे ठसे. पळसाच्या पानाला रंग फासून कागदावर उमटवलेल्या शिरा. तळ्यातल्या चिकट मातीचे बैल — त्यांची शिंगं वाळताना हमखास गळून पडायची आणि पोरं म्हणायची, "बाई, आमचा बैल म्हातारा झाला." हळदीचा पिवळा, विटेचा लाल, चुलीतल्या कोळशाचा काळा. चाळीस डोकी खाली वाकलेली, जिभेची टोकं बाहेर. नोकरीत नंतर पुष्कळ काही मिळालं, पण तसं सुख नाही मिळालं. हे मी अगदी खरं सांगते आहे.

त्या चाळिसांत एक होती संगीता. सहावीतली. घरी गोंडी बोलायची, त्यामुळे वर्गात तोंड उघडायला लाजायची. हजेरीला 'हजर' म्हणायची तेही स्वतःशीच. पण शनिवारी मात्र ती कुणाला काही विचारत नसे. बाकीची मुलं दर दोन मिनिटांनी "बाई, आता काय करू?" — ही आपली कोपरा धरून बसायची, आणि तिचे हात चालायचे.

एका हिवाळ्यात मी धानाच्या तणसाची, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या वाळल्या काड्यांची, चित्रं करायला घेतली. काडी भिजवायची, ब्लेडनं उभी चिरायची, निखारे घातलेल्या तांब्यानं दाबून तिची सपाट पट्टी करायची आणि काळ्या पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवायची. तांब्या जास्त वेळ दाबला की पट्टी भाजून तपकिरी होते. मुलांनी मोर केले, झोपड्या केल्या, डोंगरामागचा सूर्य केला. संगीतानं एक बाई केली. झाडाखाली वाकून मोहफुलं वेचणारी बाई, पाठमोरी. चेहरा नाहीच. नुसती पाठ, बाजूला टोपली, आणि जमिनीवरून उचललेल्या टाचा. टाचांना तिनं मुद्दाम न भाजलेल्या, फिक्या पट्ट्या लावल्या होत्या. तीन शनिवार ती माझ्यासमोर बसून ते करत होती. मी विचारलं, "ही कोण गं?" ती म्हणाली, "माय."

पुढच्याच महिन्यात तालुक्याला शाळांचं प्रदर्शन होतं. मी मुलांची कामं घेऊन गेले, सोबत संगीताला नेलं. धुतलेला गणवेश, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. जिल्ह्याहून एक साहेब आले होते. ते आमच्या टेबलापाशी थांबले, चित्र उचललं, बराच वेळ पाहत राहिले. मग हसून म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही केलं ना? मुलांचं काम नाही वाटत."

आता इथे काय सांगू? घाबरले होते? नाही. ते रागावले नव्हते, कुणी दबाव टाकला नव्हता. नाही म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता. पण इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे कुणी असं थांबून पाहिलं नव्हतं, आणि मला ते हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "मुलांना दाखवायला केलं होतं."

साहेब संगीताकडे वळले. "छान केलंय ना तुझ्या बाईंनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, एवढंच — पण मानही हलवली नाही. मग ती हळूच म्हणाली, "हो. बाईनं केलं."

परत येताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "बाई, मी खोटं बोलली नं?"

पहिलं खोटं तोंडातून निसटलं असं एक वेळ म्हणता येईल. हे दुसरं मी विचार करून बोलले. म्हणाले, "नाही गं. काडी कशी चिरायची, कशी भाजायची, कुणी शिकवलं? मीच ना? मग ते माझंच झालं."

तिनं मान डोलावली. अकरा वर्षांची पोर. बाई सांगतात म्हणजे तसंच असणार.

चित्राला काच-चौकट लागली, खाली 'निर्मिती' आणि माझं नाव. ते व्हरांड्यात टांगलं गेलं. मला गावोगावच्या शिक्षकांना शिकवायला बोलावणी यायला लागली. संगीता सातवीचं अख्खं वर्ष त्या चित्राखालून वर्गात गेली. आणि आता शनिवारी तीही कोरा कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहायची — "बाई, कसं काढू?"

मी सांगायची. ती तसंच काढायची.

सातवीनंतर ती आश्रमशाळेत गेली, माझीही बदली झाली. मग दहा-बारा वर्षांनी कोहमाऱ्याच्या फाट्यावर मी गोंदियाच्या बसची वाट पाहत उभी होते. एक तरुण बाई येऊन पाया पडली. बोटाला धरलेली चार-पाच वर्षांची मुलगी. संगीताच होती. आता ती भरभरून बोलत होती. लेकीला म्हणाली, "पाय पड. ह्या माह्या बाई. लय सुंदर चित्रं काढत." मग मला म्हणाली, "बाई, तुमी थे मोह वेचनाऱ्या बाईचं चित्र काढलं होतं ना, थे मले अजून आठवते. पाहून पाहून माही मायच वाटे मले."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. टोमणा शोधत होते, सापडला असता तर बरं वाटलं असतं. पण नव्हता. ती मनापासून बोलत होती. तिला खरंच तसं वाटत होतं. मी फक्त चित्र घेतलं नव्हतं — ते आपण केलं, ही आठवणसुद्धा तिच्याकडे राहू दिली नव्हती.

बस यायला चांगली पंधरा मिनिटं होती. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी तिच्या लेकीला नाव विचारलं. अंगणवाडीत जातेस का, विचारलं. सासर कुठलं, शेती किती, मायची तब्येत कशी, सगळं विचारलं. मग बस आली. संगीतानं माझी पिशवी वर चढवून दिली, आणि मी आत जाऊन बसले.