काकांची कोरडी टोपी

गेल्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरी मी अकरा दिवसांच्या परदेश प्रवासाचं बुकिंग केलं. तिघांचे मिळून तीन लाख बेचाळीस हजार रुपये. हजर माणसं चार — मी, बायको सुजाता, आई आणि माझे काका.

मी कॉलेजच्या ऑफिसात हिशेब बघतो. नजर लागणं, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातलं मला कधी काही पटलं नाही. हे वाचून कोणी 'आता तरी मानता ना?' असं विचारणार असेल, तर उत्तर आधीच देऊन ठेवतो — नाही. पण झालं ते झालं, आणि ते लपवायलाही मी तयार नाही.

प्रवास मुळात बाबांचा. दोन वर्षं ते मोबाईलवर हॉटेलं बघत बसायचे. "आधी बँकॉक," ते आईला सांगायचे. "लिफ्टच्या हॉटेलात राहू, पहुडलेला बुद्ध बघू. मग काठमांडूला पशुपतिनाथ आणि शेवटी मुक्तिनाथ. आधी ऐश, मग देव." फाल्गुनात बाबा गेले. आईचं हृदय तपासून डॉक्टर म्हणाले, मुक्तिनाथची उंची साडेबारा हजार फुटांच्या आसपास, या वर्षी झेपेल, पुढल्या वर्षी मी परवानगी देणार नाही. म्हणजे जायचं तर येत्या कार्तिकातच.

काका बाबांचे धाकटे भाऊ. कापडाचं दुकान आहे. बाबांनंतर घरातले वडीलधारे तेच, आणि ते स्वतः हे कोणाला विसरू देत नाहीत.

"वर्ष झालं नाही अजून," ते लॅपटॉपकडे बघत म्हणाले. "वर्षाच्या आत तीर्थाला जात नाहीत. भरत, तुला कळत नसेल, वहिनींना तरी कळायला पाहिजे."

"मग बँकॉक चालेल का, काका?" सुजातानं विचारलं.

"बँकॉकला जा ना. हॉटेलात राहा, बाजार करा. मना कोणी केलंय?"

"तिथे पण शेहेचाळीस मीटरचा बुद्ध आहे," मी म्हणालो.

"तो पहुडलेला आहे. तो काही म्हणणार नाही."

सुजाता हसली. आई हसली नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "यांनी मला शब्द दिला होता. ते गेले म्हणून शब्द पण गेला का?"

काका उठले. "जा मग. पण या वर्षातला नमस्कार देवापर्यंत पोचत नाही, सांगून ठेवतो. आणि वर्षश्राद्धाला मला धरू नका. मी येणार नाही."

हे आईला लागलं. बाबांना हा एकच भाऊ. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या पानावर तो नसेल, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. तरी ती मला म्हणाली, "बुकिंग कर."

मी केलं. बँकॉकला शाकाहारी खाणावळीजवळचं हॉटेल, काठमांडूला पशुपतिनाथाच्या जवळचं, पोखऱ्याला तळमजल्यावरची खोली. मुक्तिनाथला गरम पाणी मिळेल असं एकच गेस्टहाउस सापडलं, ते घेतलं.

आमच्याकडे कोणी यात्रेला निघालं की गल्लीतली माणसं एकेक सुपारी आणून देतात. "आमचा पण नमस्कार सांगा" म्हणतात. सुपारी तीर्थाच्या पाण्याखाली धरायची, त्या माणसाचं नाव घ्यायचं आणि तिथेच ठेवून यायची. जैनाबादची मावशी देऊन गेली, जसोंडीहून मामांनी पाठवली. काकूंनी स्वतःची सुपारी पदराखालून दिली. काकांची आली नाही.

बँकॉकबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की आईला लिफ्ट फार आवडली. काम नसताना दोनदा वर-खाली करून आली.

मुक्तिनाथला देवळापर्यंत तिला घोड्यावर नेलं. देवळामागे भिंतीत एकशे आठ धारा आहेत. पाणी इतकं गार, की बोटं दुखतात. लोक त्याखाली अंघोळ करतात, पण आईला डॉक्टरांनी मनाई केली होती. ती एका धारेशी दगडावर बसली आणि एकेक सुपारी पाण्याखाली धरून नावं घेत गेली. सुजाता मोबाईलवर शूटिंग करत होती.

सुपाऱ्या संपल्या. तरी आईनं पुन्हा दोन्ही हात पुढे केले, रिकामी ओंजळ धारेखाली धरली आणि काकांचं नाव घेतलं... वडिलांच्या नावासकट, पूर्ण.

"आई, त्यांची सुपारी कुठाय?" मी विचारलं.

"नाहीए. म्हणून काय नाव घ्यायचं नाही?" असं म्हणून तिनं ओंजळीतलं पाणी उडवून टाकलं.

दुपारी गेस्टहाउसवर नेटवर्क आलं, आणि लगेच हेमंतचा फोन. हेमंत काकांचा मुलगा, दुकानात त्यांच्यासोबत असतो.

"भरतदादा, तिकडे सब ठीक ना?" त्याचा आवाज वेगळाच होता. "इकडे पप्पांच्या डोक्यावरून पानी यायला लागलं."

"घाम आला असेल."

"घाम नाही दादा, पानी. बरफासारखं. गादीवर बसले होते, समोर दोन गिऱ्हाईकं. कानामागून निघालं ते सीधं शर्टात. त्यांनी टोपी काढली... तर टोपी सूखी."

"टोपी कोरडी?"

"एकदम. मी हातात घेऊन बघितली ना."

मी सुजाताच्या शूटिंगची वेळ बघितली. नेपाळचं घड्याळ आपल्या पाव तास पुढे, तेवढं वजा केलं. मिनिटाला मिनिट जुळलं असं मी म्हणणार नाही, कारण दुकानात कोणी घड्याळ बघितलं नव्हतं. हेमंत म्हणतो, नुकताच चहा आला होता. चहा तिथे रोज साडेअकराला येतो. आमचंही साधारण तेवढंच निघालं.

परत आल्यावर मी स्वतः दुकानात गेलो. वर पक्का स्लॅब. त्याच्यावर गोदाम, त्यात कापडाच्या गाठी, सगळ्या कोरड्या. टाकी नाही, नळ नाही. शेजारच्या भिंतीला ओल नाही. पावसाला जाऊन महिना होऊन गेला होता. डॉक्टरांनी काकांना तपासलं, काही निघालं नाही. आणि समजा छत गळलंच, तर पाणी आधी टोपीवर पडायला हवं. हे मी काकांना विचारलं. "तू तुझे आकडे सांभाळ," ते म्हणाले. "छतच गळतंय."

आईला मात्र यात नवल वाटलं नाही. वाटाणे सोलत ती म्हणाली, "सुपारी असती तर पाणी तिच्यावर पडलं असतं. दिली नाही, मग पडेल कुठे?"

याला मी स्पष्टीकरण म्हणत नाही. पण माझ्याकडे दुसरं नाही, आणि तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर त्यानं आधी त्या टोपीचं उत्तर द्यावं. 'योगायोग' लिहून मोकळं होऊ नये. आणि ज्यांना यात वर्षाचा नियम मोडल्याचा कोप दिसतो, त्यांनाही सांगतो — कोप व्हायचा तर तो तीर्थाला जाणाऱ्यांवर व्हायचा. आम्ही तिघं ठणठणीत परत आलो.

फाल्गुनात बाबांचं वर्षश्राद्ध झालं. गुरुजींच्याही आधी काका येऊन बसले. जेवणं झाल्यावर आई पानसुपारीचं तबक घेऊन त्यांच्यासमोर आली, तेव्हा खाली बघत ते हळूच म्हणाले, "वहिनी, पाणी फार गार होतं हो."

"होतंच," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानात प्लंबर बोलावला. त्यानं अर्धा दिवस छत ठोकून पाहिलं आणि सांगितलं, शेठजी, इथे पाइपच नाही तर गळेल काय. काकांनी त्याला चारशे रुपये दिले.