बेटावरचे वाळलेले लाकूड

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात नीरेच्या पात्रातल्या बेटावरचा मोठा वड उभ्याउभ्या वाळला. बेट देवीचे होते. तिथे करंज, उंबर, जांभूळ, पळस अशी दाट झाडी होती. ओली फांदी तोडायची नाही, वाळलेले लाकूड खुशाल न्यावे, असा गावाचा नियम होता.

उसाचा पैसा आला तशी पक्की घरे उठू लागली. वीटभट्ट्यांना जळण हवे होते. मी सुट्टीला इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आलो, तेव्हा वडाच्या बुंध्याची साल हातभर रुंदीची गोल सोललेली होती. पारंब्याही छाटलेल्या होत्या. जखमेवर चिकट रस वाळला होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

देवीची गुरवीण विधवा होती. वडाच्या आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या ती लग्नकार्यांना पुरवी. त्याबदल्यात सुगीला तिला धान्य मिळे. तिने पारावर माझ्या चुलत्यांना विचारले, "तात्या, साल कुणी सोलली?"

"उंदरांनी आसंल."

"उंदराच्या हातात कोयता हाय व्हय?"

माणसे हसली. तात्याही हसले. "देवीनंच वाळवलं म्हण. वाळल्यालं न्यायला तिची ना न्हाय."

"आन् मी पानं कुठनं आणू?"

"बारामतीच्या बाजारात मिळत्यात की."

करवत लावण्याआधी तात्यांनी वडाला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, खोबरे वाटले. मी ते घेतले नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इतर झाडांच्या खोडांवरही तसेच पट्टे दिसू लागले. नियम कुणी मोडला नाही. प्रत्येक झाड वाळल्यावरच तोडले गेले.

मोकळ्या जागेत पावसाळ्यात टाकळा माजला. मग तरवड आणि रुई आली. त्यांच्यामागून घाणेरी पसरली. तिला जनावरे तोंड लावत नव्हती आणि तिच्या जाळीखाली जांभळाचे एकही रोप दिसत नव्हते. बेटावर पाय ठेवताच तिचा उग्र वास नाकात शिरे आणि हाताला चिकटून राही. शेवटचा पळसही भट्टीत गेला.

त्या वर्षी तात्यांच्या घरच्या लग्नात पंगत विकतच्या पत्रावळ्यांवर उठली. पुढच्या सुगीला गुरवीण नेहमीप्रमाणे सूप घेऊन खळ्यावर आली. तात्यांनी विचारले, "पत्रावळी दिली न्हाईस, मग धान्य कशाचं?"

ती रिकामे सूप घेऊन परतली. पाडव्याच्या आत ती गाव सोडून कऱ्हाटीला भावाकडे गेली.