पळीकाका आणि तलावाचं पाणी

आमच्या पळीकाकांना तलावाबद्दल वाईट बोललेलं खपायचं नाही. स्वतःच्या लेकाची घ्यावी तशी बाजू घ्यायचे.

पेशानं भटजी, सत्तरी ओलांडलेले. अमरावतीहून बडनेऱ्याला जाताना आत वळलं की हा तलाव, पक्ष्यांसाठी राखलेला. रोज सकाळी काका पायरीवर बसून संध्या करायचे आणि तांब्याच्या पळीनं तलावाचंच पाणी तळहातावर घेऊन आचमन करायचे. म्हणून पळीकाका. मी शेजारी, फिरायला सोबत जायचो. "काका, घरचं पाणी आणत जा," म्हटलं की चिडायचे. "काहून? चक्रवाक येतात ना अजून? त्याइले चालते, तं मले काय होते?"

पुढे मागच्या अंगाला नवी कॉलनी झाली आणि तिचं सांडपाणी सरळ तलावात सोडलं. झालं! जलपर्णी माजली, मासे उलटे तरंगू लागले, चक्रवाकांनी त्या हिवाळ्यात पाठ फिरवली. काका म्हणायचे, "जरासं गढूळ हाय, बस." त्यांना कावीळ झाली, तर दोष कुणाला? भज्यांना! काकूंनी कपाळावर हात मारला आणि त्यांचं तलावावर जाणंच बंद केलं. "अवो, या तलावापायी मले विधवा कराल तुमी!"

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. कॉलनीवाल्यांनी हौसेनं जलपूजन ठेवलं आणि बोलावलं कुणाला, तर काकांनाच. मला वाटलं, नाही म्हणतील. गेले. पूजेला बसल्यावर पळीत तलावाचं पाणी घेऊन त्यांनी कॉलनीच्या अध्यक्षांपुढे धरलं. "घ्या, आचमन करा. तुमच्याच नालीचं हाय."

अध्यक्ष कसनुसे हसून मागे सरकले. बाकीचे इकडेतिकडे बघू लागले. "मंग मीच घेतो," म्हणत काकांनी पाणी आपल्या तळहातावर ओतलं, तोंडापर्यंत नेलं. काय घाण वास तो! त्यांचा हात ओठांशीच अडला. पाणी बोटांमधून सांडून गेलं आणि काका पूजा तशीच टाकून उठले.

वाटलं, परतताना कॉलनीवाल्यांचा उद्धार करतील. पण घराच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले, "त्याइचं सोड. मीच भेलो रे. सोताच्या तलावाले भेलो." आणि लहान पोरासारखे रडले.

दिवाळीनंतर ते मुलाकडे, अकोल्याला जठारपेठेत राहायला गेले. बडनेरा स्टेशनपर्यंत मी सोबत होतो. जवळचा रस्ता तलावावरूनच जातो. ऑटोत बसण्याआधीच काकांनी ऑटोवाल्याला बजावलं, "लांबून घे रे बाप्पा. तिकडून नको."