फालीने मिरच्या जाळल्या नाहीत

फालीला सूड हवा होता. उगाच गोड बोलून मी ते झाकणार नाही. कंपनीने आमच्या तळ्यात वाळू ओतून ते बुजवायला घेतलं, तेव्हा 'काठावर कोणी राहत नाही' असं लिहिलेल्या कागदावर वस्तीप्रमुख होरने सही ठोकली. त्या सहीच्या जोरावर माणसं दांडकी घेऊन आली. फालीचा नवरा थोल दारात आडवा उभा राहिला आणि त्याच्या कमरेत दांडकं बसलं. तो पुन्हा उठलाच नाही, पावसाळा संपता संपता गेला. आणि होर? मेल्याने दुमजली घर बांधलं.

आमच्या कंबोडियात, इथे प्नॉम पेन्हमध्ये, कोर्टात दाद लागली नाही की बायका शाप देतात. मोठ्या माणसाच्या दारात मीठ-मिरच्या जाळायच्या, पेंढ्याचा पुतळा करायचा आणि त्याचं नाव घेऊन तळतळाट द्यायचा. होरच्या दारात हे करायचं, असं फालीने थोलच्या चितेपाशीच ठरवलं होतं.

तेवढ्यात उत्तरेकडच्या गावांतही बुलडोझर निघाले. तिथल्या बायका घाबरून आमच्याकडे आल्या. दगड न उचलता रस्त्यात बसायचं कसं, पोलिसांनी उचललं तर अंग सैल सोडायचं कसं, हे आम्हाला मार खाऊन खाऊन येत होतं. ते त्यांना शिकवायचं ठरलं. पण गाडीभाडं, भात, राहायची जागा, हे कुठून आणायचं? म्हणून एका परदेशी संस्थेकडे अनुदानाचा अर्ज करायला बसलो. फालीने सांगायचं, मी लिहायचं.

"बाँग," मी म्हटलं. थोरल्या बहिणीला आम्ही बाँग म्हणतो. "अहिंसा म्हणजे तुमच्या मते काय, असं विचारलंय."

"लिही. हात न लावता त्याची झोप उडवायची."

"असं लिहिलं तर दमडी मिळायची नाही."

"मग तू लिही तुझं काहीतरी मऊ मऊ. तेवढं बरं जमतं तुला!"

संस्थेकडून दावी नावाची मुलगी चौकशीला आली. पोर आपल्यातलीच, फालीच्या हातची माशाची आंबट आमटी दोनदा मागून घेतली तिने. मग बायकांना शिकवायचे म्हणून आम्ही अर्जात लिहिलेले धडे वाचता वाचता शेवटच्या धड्यावर थांबली. तो शापाचा होता.

"मिंग," ती म्हणाली. फाली तिच्या मावशीच्या वयाची. "हा काढावा लागेल. माणसाचा पुतळा जाळायचा, त्याचं मरण मागायचं, याला संस्था अहिंसा म्हणत नाही. खरं सांगू? मीही म्हणत नाही."

"त्याने माझा माणूस मारला, पोरी."

"माहीत आहे, मिंग. तरीही शाप नाही, शिवी नाही, आग नाही. कबूल असेल तर मी शिफारस करते."

फालीने पानाची पिंक टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोड तो धडा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दावीची पाठ वळताच मी तोंड सोडलं, "थोलला विकलंस, बाँग! तुला लाज नाही वाटली?"

"त्या बायकांच्या कमरा मोडू देऊ का मग?" ती ओरडली. "होर कुठे पळून जात नाहीये!"

अनुदान आलं. उत्तरेच्या बायका आल्या, शिकल्या. सरावाला जागा फालीने निवडली. होरच्या फाटकासमोर आम्ही सुतकाचे पांढरे कपडे घालून चटया अंथरल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत गप्प बसलो.

पहिल्या दिवशी होर गच्चीतून हसला. "काय गं फाली, मिरच्या महाग झाल्या का?"

कोणी मान वर केली नाही. आम्ही रोज जाऊ लागलो. हळूहळू तो गच्चीत यायचा बंद झाला, पडद्याआडून बघू लागला. आठवड्याने त्याची बायको बाजारात माझ्याकडे मासे घ्यायला आली, तोंड उतरलेलं.

"जेवत नाहीत गं हे. शाप उतरवायला भन्ते बोलावले, मंत्राचं पाणी शिंपडायला. भन्ते म्हणाले, शाप कोणता ते सांगा. आता तोंडातून शब्द काढला नाही तुम्ही, तर सांगणार काय? हे म्हणतात, बोललेला शाप उतरतो, या बायकांनी मनात काय धरलंय कोण जाणे!"

मला इतका आनंद झाला, की तिला एक मासा फुकट दिला.

दुसऱ्याच दिवशी होर फाटक उघडून धावत बाहेर आला, सदऱ्याची बटणं उलटसुलट लावलेली. "अगं बोल तरी! जाळ मिरच्या! काय द्यायच्या त्या शिव्या दे आणि मोकळी हो!"

फाली समोर बघत राहिली. त्याच्या कपाळावरचा घाम मी डोळे भरून पाहिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माफीचं तबक घेऊन आला. मेणबत्त्या, उदबत्त्या, सुपारी, विड्याची पानं. भर रस्त्यात गुडघे टेकून त्याने कपाळाशी हात जोडले. "मी कागद वाचला नव्हता, फाली. माफ कर."

उत्तरेच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मलाही कसंतरी झालं. मी कुजबुजले, "घे बाँग, तबक घे. आपण या बायकांना काय शिकवतोय?"

"मार कसा सोसायचा ते शिकवतोय," फाली म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माफ कसं करायचं, याचा धडा मी लिहायला सांगितला नव्हता."

मग ती होरकडे वळली. "थोल पावसाळाभर पाठीवर पडून होता. घर तुझं दोन गल्ल्या पलीकडे. एकदा तरी आलास?"

होर तसाच गुडघ्यांवर राहिला. ऊन चढलं, तबकातल्या मेणबत्त्या वाकल्या, तरी कोणी त्याला ऊठ म्हटलं नाही. दुपारी आम्ही चटया गुंडाळल्या. फाली तबकाला वळसा घालून पुढे गेली.

"उद्या जरा लवकर निघू गं," ती बायकांना म्हणाली.