इंजिनकाका आणि मुकं मशीन

इंजिनकाकांचं गवत कापायचं मशीन पेट्रोलवर चालायचं असं म्हणणं म्हणजे पेट्रोलला उगाच मोठेपणा देणं. ते चालायचं काकांच्या हट्टावर. पेट्रोल नुसतं धुरासाठी.

रविवारी चहा झाला की काका ते मागच्या हिरवळीवर ढकलत आणायचे. चोक ओढायचा, मशीनवर एक पाय रोवायचा आणि दोरीला हिसका. मशीन खोकायचं. पुन्हा हिसका. मशीन विचारात पडायचं. मग प्लग काढून, पुसून, फुंकर मारून परत बसवायचा, दोन शिव्या द्यायच्या, आणि एकदाचं ते असं पेटायचं की शेजारच्या मास्तरांच्या कपाटातल्या कपबश्या एकमेकींना भेटायला निघायच्या.

"काका, याला सायलेन्सर बसवा की," मास्तर कुंपणावरून ओरडायचे.

"बसवलाय. माझ्या कानात."

ते खरंच होतं. कारखान्यात बॉयलरवर जन्म गेला, आणि निवृत्तीच्या वेळी बॉयलरने काकांचे निम्मे कान ठेवून घेतले. त्यामुळे मशीनचा त्रास सगळ्या गल्लीला व्हायचा, फक्त काकांना नाही.

आणि काकूंना नाही. काकूंची उजवी बाजू कित्येक वर्षांपूर्वी गेली होती. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांची लोखंडी खाट. खाट बुटकी, खिडकी उंच. पडल्या पडल्या दिसायचा तो झाडाचा शेंडा आणि थोडं आकाश. हिरवळ नाही, काका नाहीत. पण आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. "आता नळापाशी वळले," त्या आपल्याशीच म्हणायच्या. "आता कुंपणाला घासतायत. मास्तर बोलणार."

धूर आत येऊ नये म्हणून काका आधी खिडकी लावायचे. "खिडकी लावतो गं." "लावा." हे दोन शब्द त्यांच्यात इतक्या वेळा झाले होते की ते बोलणंही राहिलं नव्हतं, श्वास घेण्यासारखं झालं होतं.

त्या मशीनच्या दांड्याला एक पट्टी होती. ती हाताने दाबून धरली तरच मशीन चालणार, हात सुटला की बंद. म्हणून मशीन थांबलं की काकू जरा वाट बघायच्या, आणि मग डाव्या हातातला स्टीलचा ग्लास खाटेच्या दांडीवर आपटायच्या. टण टण टण. त्या आवाजाला अर्धा कानही पुरायचा. काका होते तिथूनच ओरडायचे, "आहे." मशीनमध्ये पेट्रोल ओतत असोत की पात्यात अडकलेली काटकी काढत असोत, "आहे." गल्लीत नवीन येणाऱ्याला हा प्रकार समजावून सांगावा लागायचा.

मग काकांच्या छातीत दुखलं. एक नळी फुगवून झाली आणि डॉक्टरांनी बजावलं, चालायला हरकत नाही, पण ती दोरी ओढायची नाही. पुढच्याच आठवड्यात मुलगी बॅटरीचं मशीन घेऊन आली. हिरवं, हलकं, एका हाताने उचलता येईल असं.

"बाबा, दोरी नाही, पेट्रोल नाही, प्लग नाही, धूर नाही, मास्तरकाकांची बोलणी नाहीत."

"मग उरलं काय?"

"गवत."

"हे मशीन आहे का खेळणं? सेल घाला आणि गुर्र करा."

"गुर्रसुद्धा करत नाही. बघा तरी."

काकांनी बटण दाबलं, पट्टी धरली. पंखा फिरावा तसं काहीतरी पुटपुटत मशीन निघालं. एका दमात अर्धी हिरवळ झाली. काकांना ते आवडलं, आणि आवडलं याचाच त्यांना राग आला. जुनं मशीन त्यांनी शेडमध्ये नेऊन त्यावर चादर घातली.

पहिल्या रविवारी काका हिरवळीवर आणि काकू खाटेवर, दोघांचीही फजिती झाली. आवाज येईना म्हणून काकू ग्लास वाजवायच्या. काका थांबून "आहे" म्हणायचे. पाच पावलं झाली की पुन्हा टण टण. कुंपणापलीकडे मास्तर हसून हसून बेजार.

शेवटी काका खोलीत गेले. "अगं, मी काय करू, हे मुकं आहे. सारखं वाजवू नकोस. आवाज नाही म्हणजे मी चालतोय असं समज."

"बरं," काकू म्हणाल्या. "आवाज नाही म्हणजे चालताय."

ते मशीन काही अगदी मुकं नव्हतं. खिडकी उघडी असती तर त्याची पुटपुट खाटेपर्यंत आली असती. पण धूर नसला तरी काका खिडकी लावतच राहिले. "खिडकी लावतो गं." "लावा." मुलीच्या ते लक्षात आलं नाही. मास्तरांच्याही नाही. काका-काकूंच्या तर येणंच शक्य नव्हतं.

तो रविवार होता, म्हणजे काकूंना सांभाळणाऱ्या बाईंची सुट्टी. काका नळापाशी वळले आणि तिथेच पडले. हात सुटला, पट्टी सुटली, मशीन थांबलं. आत काकू ग्लास हातात धरून झाडाच्या शेंड्याकडे बघत पडल्या होत्या. आवाज नव्हता. म्हणजे काम चाललं होतं.

मास्तर कपडे वाळत घालायला बाहेर आले तेव्हा त्यांना दिसलं. ते कुंपणावरून उडी मारून गेले. या वयात त्यांनी मारलेली ती पहिली आणि शेवटची उडी. काका गार पडले होते. शेजारी मशीनचा हिरवा दिवा चालू होता. बॅटरी पुष्कळ शिल्लक होती.

काकूंना सांगायला तेच आत गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असं कसं होईल? मशीन चालू आहे ना."

डॉक्टरांनी मुलीला एवढंच सांगितलं की थोडं आधी कळायला हवं होतं. समजुतीच्याच सुरात बोलले, पण तिने ते आईला सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. काकूंनी फक्त खिडकी उघडायला सांगितली. ती आता थंडी असो, पाऊस असो, लावत नाहीत.

रविवारी मुलगी येऊन त्याच बॅटरीच्या मशीनने गवत कापते. मधेच ग्लास वाजतो. आधी ती "आई, मी आहे गं, मी" असं म्हणायची. आता नुसतं "आहे" म्हणते. ग्लास थांबतो.

पण हल्ली तो मधल्या वारीही वाजतो. हिरवळीवर कोणी नसतं, मशीन शेडमध्ये असतं. सांभाळणाऱ्या बाई दारातून सांगतात, "आजी, आज कोणी कापत नाहीये." काकू मान हलवतात आणि वाजवत राहतात. परवा मास्तरांना राहवलं नाही. कुंपणापाशी येऊन, घसा खाकरून, काकांसारखं मोठ्याने त्यांनी म्हटलं, "आहे."

ग्लास थांबला. मास्तर तसेच कुंपण धरून उभे राहिले.

मग तो पुन्हा वाजायला लागला.